भांडीवाल्या मावशी टॅक्स भरतात का, आणि जीएसटी त्यांच्यासाठी न्याय्य आहे का?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत लिहितो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. तुम्ही ऐरोलीला राहता, सोसायटीच्या मिटिंगमध्ये कोणीतरी बोललं की टॅक्स आम्ही भरायचा आणि सवलती या लोकांनी खायच्या, ते तुमच्याकडे काम करणाऱ्या मावशींच्या कानावर गेलं आणि दुसऱ्या दिवशी भांडी घासता घासता त्यांनी विचारलं, ताई मी टॅक्स भरते का नाही भरत? तुम्ही हो म्हणालात, पण मावशी किती भरतात आणि ते बरोबर आहे का हे सांगता आलं नाही. म्हणजे वस्तू विकत घेताना लागणारा कर, जीएसटी, गरिबाला न्याय्य आहे का, हा मूळ प्रश्न.

मी ठाण्यात टॅक्सचं काम करतो, विक्रीकराच्या जमान्यापासून. मग २००५ ला व्हॅट आला, मधे ठाण्यात जकात, तुमच्याकडे नवी मुंबईत उपकर, मग एलबीटी (स्थानिक संस्था कर), आणि १ जुलै २०१७ पासून जीएसटी. माझे बरेचसे क्लायंट किराणावाले, फरसाणवाले, स्टेशनरीवाले, एमआयडीसीतले छोटे कारखानदार. त्यामुळे कर कुठून निघतो आणि शेवटी कोणाच्या खिशात जाऊन बसतो हे रोजच्या रोज कागदावर बघायला मिळतं, आणि या प्रश्नावर मला मनापासून बोलायचंय कारण मिटिंगमध्ये जे बोललं गेलं ते मी पण बऱ्याच ठिकाणी ऐकलंय आणि दरवेळी वाईट वाटलंय.

मावशी टॅक्स भरतात. बिल घेतलं नाही तरी भरतात. लोकांचा एक पक्का गैरसमज असतो की छोट्या दुकानातून बिलाशिवाय घेतलं की कर लागत नाही, तसं काही नसतं. पाकिटावर जी एमआरपी छापलेली असते ती सगळे कर धरूनच असते. दुकानदाराची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर त्याला जीएसटीचा नंबर घ्यावा लागत नाही, पण त्याने होलसेलवाल्याकडून माल आणताना कर भरलेलाच असतो आणि तो किमतीत धरूनच तो विकतो. म्हणजे कर कंपनीच्या दारातून निघाला तो मावशींच्या पिशवीत येऊन थांबला, मधल्या सगळ्यांना क्रेडिट मिळालं, म्हणजे खरेदीवर भरलेला कर आपल्या करातून वजा करता आला, किंवा किमतीत वसूल करता आलं, मावशींना पुढे ढकलायला कोणी नाही.

आता किती भरतात ते बघू. हा हिशोब कोणा एका घराचा नाहीये, माझ्या बघण्यातल्या दोन-तीन घरांवरून अंदाजे मांडलाय. समजा मावशी चार घरची कामं करून दहा हजार मिळवतात, नवरा सिक्युरिटीत आहे, कापून हातात चौदा हजार येतात, घर दिघा नाहीतर घणसोलीला भाड्याचं. चोवीस हजारातले साडेसहा हजार भाडं, राहत्या घराच्या भाड्यावर जीएसटी नाही. धान्य, भाजी, दूध, अंडी, मच्छी मिळून सात हजार, सुट्टं घेतलं तर त्यावरही नाही. तेल, साखर, चहा, मसाला अठराशे, त्यावर ५ टक्के. अंगाचा साबण, टूथपेस्ट, खोबरेल पाचशे, आता ५ टक्के. कपड्याची पावडर, भांड्याचा बार, फिनेल चारशे, यावर अजून १८ टक्के. दोन फोनचे रिचार्ज सहाशे, १८ टक्के. गॅस साडेआठशे धरा, ५ टक्के. कपडे-चपला महिन्याला सरासरी हजार, बिस्किटं-फरसाण पाचशे, औषधं पाचशे, सगळं ५ टक्क्यात. घरगुती ट्यूशन दीड हजार, बस-लोकल-शेअर रिक्षा दीड हजार, यावर काही नाही. लाइट बिल नऊशे, त्यात जीएसटी नाही पण राज्याचं १६ टक्के वीज शुल्क आहे, म्हणजे सव्वाशेच्या आसपास.

बेरीज केली तर जीएसटी साधारण चारशे रुपये येतो. चोवीस हजारावर पावणेदोन टक्क्याच्या जरा आतच. खर्च जाऊन हातात राहतात साडेचारशे.

आता दुसरं घर घ्या, घोडबंदर रोडवरच्या टॉवरमधलं, नवरा-बायको दोघं आयटीत, मिळून महिन्याला तीन लाख. घराचा हप्ता सोडून ऐंशी हजार खर्च, त्यातले तीस हजार १८ टक्क्यावाल्या गोष्टींवर, वीस हजार ५ टक्क्यावाल्या, बाकी शाळेची फी, भाजी, दूध, ज्यावर कर नाही. यांचा जीएसटी साडेपाच हजार. तीन लाखावर बघाल तर तोही पावणेदोन टक्क्याच्या जरा वरच.

इथे प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे. जीएसटी गरिबाला श्रीमंतापेक्षा कितीतरी पट जास्त लागतो असं जे सरसकट बोललं जातं ते या हिशोबात दिसत नाही, टक्का जवळपास सारखा निघतो, कारण आपल्याकडे सुट्टं धान्य, भाजी, दूध, शाळा, दवाखाना, घरभाडं, साधी बस हे सगळं बाहेर ठेवलंय. ऑक्सफॅम या स्वयंसेवी संस्थेने २०२३ मध्ये सांगितलं होतं की ६४ टक्के जीएसटी खालच्या अर्ध्या लोकांकडून येतो, तो आकडा अजून फिरतो, मला तो पटत नाही, कारण असे आकडे खर्चाच्या पाहणीवरून काढतात आणि श्रीमंत माणूस पाहणीत आपला खर्च पूर्ण सांगत नाही, शिवाय खालच्या घरांचा मोठा खर्च ज्या वस्तूंवर होतो त्यावर करच नाहीये. सरकारच्या २०२३-२४ च्या पाहणीत शहरी माणसाच्या खर्चातला जवळजवळ ४० टक्के वाटा खाण्यापिण्याचा आहे, ग्रामीण भागात ४७ टक्के, आणि घर जितकं गरीब तितका हा वाटा वर जातो.

पण मग न्याय्य आहे का? माझ्या मते नाही, आणि का ते टक्क्यात बघून कळतच नाही, उरलेल्या पैशात बघितलं तर कळतं. टॉवरमधल्या घराचा प्राप्तिकर पंचवीस हजार, हप्ता नव्वद हजार आणि खर्च ऐंशी हजार काढला तरी लाखभर उरतात, त्यापुढे साडेपाच हजाराचा जीएसटी म्हणजे अठरावा हिस्सा. मावशींच्या घरात उरतात साडेचारशे आणि कर गेला चारशे. म्हणजे महिनाभर राबून जेवढी शिल्लक पडली जवळजवळ तेवढाच कर गेला. तोच पावणेदोन टक्का, पण एका घरात त्याने काही हलत नाही आणि दुसऱ्या घरात त्याने मुलीची भिशी भरायची राहते. शिवाय टॉवरमधला जो लाख उरला तो फंडात जातो, शेअरमध्ये जातो, त्या गुंतवलेल्या रकमेवर जीएसटी नाही, कारण हा कर खर्चावर आहे. ज्याला सगळंच खर्च करावं लागतं त्याला कमाईचा कुठलाच भाग असा गुंतवून या कराच्या बाहेर ठेवता येत नाही.

ही गोष्ट आपल्याकडे फार जुनी आहे. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९०२ मध्ये व्हाइसरॉयच्या कौन्सिलात पहिलं बजेटवरचं भाषण केलं तेव्हा मिठावरच्या कराविरुद्ध ते बोलले होते, तेव्हा मणाला अडीच रुपये कर होता, १९०३ ला दोन झाला आणि १९०७ पर्यंत एक रुपयावर आला. गरीब आणि श्रीमंत मीठ साधारण सारखंच खातात, त्यामुळे कर सारखा दिसला तरी भार सारखा नसतो. आज मिठावर जीएसटी शून्य आहे. त्या जागी आता काय बसलंय विचाराल तर मी म्हणेन मोबाइलचं रिचार्ज. साहेबाचा फोन आणि मावशींचा फोन, रिचार्ज जवळपास तेवढ्याचंच, दोघांना १८ टक्के, आणि मावशींना फोन चैनीसाठी नाही लागत, उद्या कोणत्या घरी सुट्टी आहे, कुठे नवीन काम आहे, बँकेचा ओटीपी, शाळेचा मेसेज, सगळं त्यावर. तसंच कपड्याची पावडर. सप्टेंबर २०२५ मध्ये अंगाचा साबण १८ वरून ५ वर आणला, चांगलं केलं, पण धुण्याची पावडर १८ वरच राहिली. मला कोणी विचारलं तर या दोन गोष्टी मी आधी खाली आणेन.

आता जो कर बिलावर दिसत नाही त्याबद्दल जास्त बोलायचंय, कारण खरा अन्याय मला तिथे दिसतो.

भाजीवर जीएसटी शून्य आहे हे खरं. पण भाजी नाशिक-जुन्नरहून वाशीच्या एपीएमसीत येते ती डिझेलच्या गाडीने, तिथून पुन्हा टेम्पोने तुमच्या ऐरोलीच्या मार्केटात. डिझेल जीएसटीत नाही. त्यावर केंद्राची एक्साइज (उत्पादन शुल्क) आणि वर राज्याचा व्हॅट, आपल्या मुंबई-ठाणे-नवी मुंबई पट्ट्यात डिझेलवरचा व्हॅट जुलै २०२४ मध्ये २४ वरून २१ टक्के केला, पेट्रोलवरचा २६ वरून २५ आणि वर लिटरमागे पाच रुपये बारा पैसे. हा कर कोणालाही क्रेडिट म्हणून परत मिळत नाही, तो भाड्यात बसतो, भाडं भाजीत बसतं. शेतकऱ्याचंही तेच, खतावर ५ टक्के, ट्रॅक्टर सप्टेंबर २०२५ पर्यंत १२ टक्क्यात होता आता ५, पण शेतकऱ्याला जीएसटी नंबर नाही त्यामुळे भरलेला कर परत मिळायचा प्रश्नच नाही. दुधावर कर नाही पण दुधाच्या पिशवीच्या प्लॅस्टिकवर आहे, आणि दूध करमुक्त असल्यामुळे डेअरीला त्या प्लॅस्टिकचं क्रेडिट मिळत नाही. आमच्या धंद्यात याला ब्लॉक झालेलं क्रेडिट म्हणतात. शून्य टक्के लिहिलेल्या वस्तूच्या पोटात असा थोडाफार कर असतोच, आणि ज्याच्या खर्चाचा मोठा भाग अशाच शून्यवाल्या वस्तूंवर जातो त्याला वाटतं मी भरतच नाही. मावशींचे चारशे मी जे काढले त्यात हा पोटातला कर धरलेला नाही, तो धरला की टॉवरवाल्यांच्या आणि मावशींच्या टक्क्यातला जो सारखेपणा वर दिसला तो राहत नाही.

(सीएनजीचं मात्र चांगलं झालं, एप्रिल २०२२ पासून राज्याने व्हॅट साडेतेरावरून ३ टक्के केला, आपल्याकडच्या रिक्षा त्यावरच चालतात. म्हणजे इच्छा असली की होतं.)

दुसरी गोष्ट पाकिटाची. जुलै २०२२ मध्ये नियम बदलला आणि २५ किलोपर्यंतच्या पॅकबंद, लेबल लावलेल्या तांदूळ, गहू, डाळ, पीठ, दही यावर ५ टक्के आला, सुट्टं मात्र शून्य. त्याआधी धान्य-डाळ-पिठात फक्त ब्रँडवाल्यावर होता. तेव्हा माझ्या किराणावाल्या क्लायंटनी गोणी फोडून सुट्टं विकायला सुरुवात केली, चूक काही नव्हतं त्यात. पण बघा ना, दहा बाय दहाच्या खोलीत राहणारी बाई जेव्हा चांगलं, निवडलेलं, खडे नसलेलं धान्य घ्यायचं ठरवते तेव्हा तिला कर, आणि निवडत बसायची तयारी असेल तर माफी. सकाळी सहाला घराबाहेर पडणाऱ्या बाईला निवडायला वेळ कुठून येणार?

आणि कर कमी केला की तो गरिबापर्यंत पोचतो का? २२ सप्टेंबर २०२५ ला १२ आणि २८ चे स्लॅब जवळजवळ गेले, मुख्य ५ आणि १८ राहिले, बिस्किट १८ वरून ५, फरसाण १२ वरून ५, वह्या-पेन्सिली शून्य, अडीच हजारापर्यंतच्या चपला ५ टक्क्यात. चपलांचं तर मला फार लागलं होतं, जानेवारी २०२२ मध्ये हजाराच्या आतल्या चपलेवरचा कर ५ वरून १२ केला होता, पावणेचार वर्षं गरिबाने स्लीपरवर १२ टक्के भरला. वरच्या घरासारखा हिशोब धरला तर या कपातीत महिन्याला दीडशेच्या आसपास वाचायला हवेत. वाचले का? महिन्याचं सामान डीमार्टमधून भरणाऱ्याचे वाचले, कारण मोठ्या पॅकची किंमत लगेच उतरली. पण मावशींची खरेदी पाच रुपयाच्या पुड्याची, दोन रुपयाच्या शांपूच्या पाऊचची. पाच रुपयाचा पुडा साडेचारला झाला की सुट्टे कोण देणार, दुकानदार एक गोळी हातावर ठेवतो, म्हणजे कपात गोळीत गेली. नाहीतर कंपनी किंमत तीच ठेवून ग्रॅम वाढवते, त्यात फायदा आहे, खोटं नाही बोलणार, पण मावशींना हातात पैसे पाहिजे होते, चार बिस्किटं जास्त नको होती. कराचा फायदा भाव उतरवून ग्राहकाला द्यायलाच पाहिजे ही कायद्यातली तरतूद होती, पण १ एप्रिल २०२५ पासून तिच्याखाली नवीन तक्रारी घेणं बंद झालंय, म्हणजे सगळ्यात मोठी कपात आली तेव्हा ती तरतूद जवळ नव्हती. हे मला अजिबात पटलेलं नाही.

मग करायचं काय. खूप जण म्हणतात अजून वस्तू करमुक्त करा. मी त्याच्या फार बाजूने नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये पॅकबंद पनीर ५ वरून शून्य केलं. दोनशे रुपयाचं पनीर घेणाऱ्याचे दहा रुपये वाचले, दोन हजाराचं घेणाऱ्याचे शंभर. माफी वस्तूला दिली की जो जास्त घेतो तो जास्त नेतो, आणि क्रेडिट ब्लॉक होतं ते वेगळंच. त्यापेक्षा कॅनडात करतात ते मला बरं वाटतं, तिथे कमी उत्पन्नाच्या घरांना जीएसटी क्रेडिट म्हणून दर तीन महिन्यांनी पैसे परत देत आलेत. सिंगापूरने २०२४ ला कर ९ टक्के केला पण तिथे जीएसटी व्हाउचर म्हणून कमी उत्पन्नवाल्यांना रोख मिळते. तुम्ही भरलेल्या करातले हे परत घ्या, असं नाव त्याला आहे, आणि नावाने फरक पडतो, कारण मग ते कोणी फुकट खाल्लं म्हणू शकत नाही.

आपल्याकडे लाडकी बहीण आहेच की, असं कोणी म्हणेल. आहे, महिन्याला दीड हजार चांगली रक्कम आहे, पण अट वर्षाला अडीच लाख कुटुंबाच्या उत्पन्नाची. वरचं घर बघा, चोवीस गुणिले बारा म्हणजे दोन लाख अठ्ठ्याऐंशी हजार, कागदावर बसतच नाही. रेशनचं त्याहून अवघड, शहरात अन्नसुरक्षेच्या केशरी कार्डाला उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ५९ हजार, म्हणजे महिन्याला पाच हजारसुद्धा नाही. ठाण्यात पाच हजारात खोलीचं भाडं निघत नाही. त्यामुळे शहरातलं राबणारं घर मधेच अडकतं, कर पूर्ण आणि परतावा शून्य.

अजून एक, विषय जरा बाहेरचा आहे पण मिटिंगमध्ये सांगायच्या उपयोगाचा. मावशींच्या नवऱ्याच्या पगारातून व्यवसाय कर कापला जातो, महिन्याला दोनशे, फेब्रुवारीत तीनशे, वर्षाला अडीच हजार. दीड लाख पगारवाल्याचाही तेवढाच. घटनेत कमाल मर्यादाच अडीच हजार आहे आणि ती १९८८ पासून बदललेली नाही. महाराष्ट्राने हा कर १९७५ ला आणला तो रोजगार हमीसाठी, हेतू फार चांगला होता, पण आज सोळा हजारवाला आणि दीड लाखवाला एकाच रांगेत उभे आहेत. आणि प्राप्तिकराचं म्हणाल तर २०२५-२६ पासून नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंत उत्पन्नावर शून्य, त्यामुळे तुमच्या सोसायटीतल्या कित्येक नोकरदारांचा प्राप्तिकर आता शून्य असेल. ते आणि मावशी, दोघं सरकारला जीएसटीतूनच देतात, मग टॅक्सपेयर नुसते तेच कसे?

एक काम तुम्ही लगेच करू शकता. मावशी किंवा त्यांची मुलं बाहेर कुठे जेवली, वस्तू घेतली आणि वरून जीएसटी लावला तर बिल नीट बघायला सांगा. जो दुकानदार कंपोझिशनमध्ये, म्हणजे उलाढालीवर ठरावीक टक्के कर स्वतःच्या खिशातून भरायच्या योजनेत आहे त्याला गिऱ्हाइकाकडून वेगळा जीएसटी घ्यायचा अधिकार नाही, त्याच्या बिलावर तसं लिहिलेलं असायला पाहिजे. मी स्वतः स्टेशनजवळच्या एका हॉटेलात दोन मजुरांकडून राइस प्लेटवर असा ५ टक्के वरून घेताना बघितलंय, मालकाला बाजूला घेऊन सांगितलं तेव्हा परत केला. एमआरपीवर वरून कर लावला तर तेही चूक, एमआरपीत सगळं आलेलं असतं.

आणि ताई, मावशींना विचारून त्यांच्या घरचा खरा खर्च एका कागदावर लिहून मला पाठवा, रेशनकार्ड कुठल्या रंगाचं आहे, धान्य मिळतं का, लाइटचं मीटर त्यांच्या नावावर आहे का घरमालक ठोक पैसे घेतो, गॅस स्वतःच्या नावावर आहे का छोटा सिलिंडर बाहेरून भरतात. माझा वरचा हिशोब अंदाजाचा आहे, त्यांचा त्यांना लिहून देतो, मराठीत, म्हणजे पुढच्या वेळी कोणी काही बोललं तर तोच कागद दाखवता येईल.